जनावर आणा, पण वैरणीसकट

‘आसऱ्याला सोडले’ असे आपल्याकडे म्हणतात. भाकड गाय, तीन सडांची म्हैस, नांगराला न चालणारा बैल, जर्सीचा खोंड, नाहीतर पोत्यात बांधून आणलेली कुत्र्याची चार पिल्ले. घरातून गेले, आसऱ्याला लागले, आपण मोकळे झालो, अशी आपली समजूत असते. शेतकरी बंधुभगिनींनो, या खेपेस खते-बियाणे बाजूला ठेवून मला या आसऱ्याविषयीच लिहायचे आहे. चर्चच्या मागच्या माळावरचा पत्र्याचा गोठा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. तिथे आज १७ जनावरे आहेत. गेल्या सुगीतली पिंजराची गंजी दिवाळीपर्यंत जेमतेम पुरेल. पेंडवाल्याची उधारी वेगळीच. म्हणून धर्मग्राम समितीपुढे मी एक गोष्ट मांडली आहे. यंदाच्या सुगीपासून वैरणीवाचून एकही नवे जनावर आत घ्यायचे नाही.

यावर काही घरांतून नाराजी आहे, ती माझ्या कानावर आली आहे. मिस्सा संपल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाने मला तोंडावरच विचारले, “फादर, बेथलेहेमच्या सरायवाल्यासारखे तुम्हीही ‘जागा नाही’ म्हणणार काय?” प्रश्न खोचक होता, मला आवडला. पण ज्या गव्हाणीत बाळाला निजवले त्या गव्हाणीत कोणीतरी गवत आणून टाकले होते, हेही आपण नाताळचा गोठा बांधताना दरवर्षी पाहतो. रिकामी गव्हाण दाखवून ‘या’ म्हणणे सोपे आहे. सतरा जनावरांच्या वैरणीत पंचवीस जनावरे जगवायला निघालो तर पंचवीसही जगणार नाहीत. सगळी हाडे वर काढून हळूहळू मरतील, आणि आपण त्याला दया म्हणू.

आधी हिशेब पाहू, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी तो कधी मांडलेला नसतो. तीनशे किलो वजनाच्या जनावराला दिवसाला सुमारे सहा किलो कोरडी वैरण लागते. पाणी ऋतूप्रमाणे तीस ते पन्नास लिटर. म्हणजे वर्षाला एका तोंडाला दोन टनांच्या वर पिंजर किंवा कडबा झाला. आपल्या भाताच्या एका एकरातून दीड-दोन टन पिंजर निघते, म्हणजे एकेक जनावर एकरभराहून जास्त भाताचे पिंजर एकटे खाते. सतरा जनावरांना दिवसाला एक क्विंटल लागते. वर्षाला सदतीस टन. चर्चची स्वतःची शेती किती, ते तुम्हाला माहीत आहे. उरलेले विकत घ्यावे लागते, आणि उन्हाळ्यात विकतचे पिंजर काय भावाने मिळते ते तुम्हीच आम्हाला सांगता, कारण विकणारेही तुमच्यातलेच! (यात राग नाही, पिकवणाऱ्याने विकावे हे रास्तच आहे.) वैरण, थोडी पेंड, खनिज मिश्रण, औषधपाणी आणि गड्याची मजुरी असे सगळे धरून आमच्या वहीत मागच्या वर्षी दिवसाला जनावरामागे सत्तर रुपये पडले. वर्षाचे पंचवीस हजार पाचशे पन्नास झाले. गाईचे आयुष्य वीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. दहाव्या वर्षी भाकड म्हणून सोडलेली गाय पुढे दहा वर्षे जगली, तर तिचा खर्च अडीच लाखांच्या वर जातो. तिला आणून बांधताना जो माणूस पाचशे एक रुपयांची पावती फाडून घेतो, त्याने तिच्या एका आठवड्याची सोय केलेली असते.

आता कोणी म्हणेल, शेण आहे ना, शेणाचे पैसे करा. हे म्हणणे नवे नाही. सर्वोच्च न्यायालयात यावर दोनदा मोठा खल झालेला आहे, आणि शेतकऱ्याने तो जाणून घेण्यासारखा आहे. १९५८ साली बिहारच्या एका खटल्यात न्यायालयाने गाईंची कत्तलबंदी मान्य केली, पण काम किंवा वीण संपलेल्या बैल-म्हशींवर सरसकट बंदी रास्त नाही असे म्हटले. कारणांत एक कारण वैरणीचे होते. निरुपयोगी जनावरांसाठी पहिल्या पंचवार्षिक योजनेत १६० गोसदने काढायचे ठरले होते, त्यांतली २२ सुरू झाली होती, हे त्या निकालात नमूद आहे. पुढे २००५ साली गुजरातच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने बैलांवरचीही बंदी उचलून धरली. म्हातारे जनावरही शेण-मूत्र देते, ते शेतीला मोलाचे आहे, म्हणून ते निरुपयोगी म्हणता येणार नाही, असा त्यातला एक मुद्दा होता.

शेणाला मोल आहे, यात वाद नाही. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा आहे. पण गोठ्यात उभे राहून हिशेब केला की काय दिसते? आपल्याकडचे मध्यम जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास ओले शेण टाकते. वर्षाचे साडेतीन टन. ते कुजून खत होईपर्यंत निम्म्याहून कमी भरते. एका जनावराच्या वर्षाच्या शेणातून ट्रॅक्टरची एक ट्रॉली धड भरत नाही. चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या ट्रॉलीचा भाव आणि वर लिहिलेले पंचवीस हजार, हे दोन आकडे शेजारी मांडून पाहा. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण लागते. आमच्या गोठ्यात ते निघते, आणि चर्चच्या स्वयंपाकघराची चूल त्यावर चालते, तेवढा सिलिंडर वाचतो. बस्स. मोठ्या प्रमाणावर मात्र चित्र पालटते, हेही खरे. ग्वाल्हेरला लाल टिपारा येथे महापालिकेची गोशाळा आहे. हजारो जनावरे एके ठिकाणी असल्याने तिथे शेणापासून वाहनांचा गॅस करण्याचा कारखाना उभा राहिला. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पण त्यासाठी महापालिका लागते, तेल कंपनी लागते. माळावरच्या पत्र्याच्या गोठ्याने तो दाखला मनाशी धरून बसू नये.

मग जनावरे नको झाली का आणि केव्हा? आपण आपल्याच घरात पाहू. खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात चिखलणीला पॉवर टिलर आला, तशी बैलजोडीची गरज सरली. दुधासाठी आपण एच. एफ. आणि जर्सीचे रेत भरून घेतले, दूध वाढले, डेअरीचे पैसे घरात आले, मुले शिकली. ते चांगले झाले. पण निम्मी वासरे खोंडच होणार, आणि त्या खोंडाला ना चांगले वशिंड, ना उन्हात चालण्याची ताकद. तो जन्मला त्याच दिवशी नकोसा. पूर्वी म्हातारे बैल आणि असले खोंड हेडे बाजारातून घेऊन जात. कर्नाटकात १९६४ च्या कायद्याप्रमाणे बारा वर्षांवरचा किंवा निकामी झालेला बैल दाखला घेऊन देता येत असे. २०२० च्या कायद्याने ती वाट बंद केली. तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांना तेवढी दाखल्याने मुभा ठेवली. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद, आणि जनावरामागे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड. हद्दीपलीकडे महाराष्ट्रातही २०१५ पासून बैल बंदीत आले.

कायदा बरा की वाईट, हे ठरवायला हे पान नाही. मी एवढेच म्हणतो, की जनावर विकू नको असे ज्याने सांगितले त्याने ते उद्या काय खाणार हेही सांगायला हवे. सरकारे अगदी गप्प नाहीत. कर्नाटकाने २०२२ साली पुण्यकोटी दत्तक योजना काढली. वर्षाला अकरा हजार रुपये देऊन कोणीही गोशाळेतील एक गाय दत्तक घ्यावी, अशी ती कल्पना. अकरा हजारांना ३६५ ने भागले तर तीस रुपये येतात. मध्य प्रदेशात गोशाळांना दिवसाला जनावरामागे वीस रुपये मिळत, ते २०२५ साली चाळीस करण्याचे तिथल्या मंत्रिमंडळाने ठरवले. महाराष्ट्राने २०२४ साली गोशाळांतील देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये मंजूर केले. ‘देशी’ हा शब्द नीट वाचा. आपल्या गोठ्यात सतरांपैकी अकरा जनावरे संकरित आहेत, आणि अशा बहुतेक आसऱ्यांत थोडेबहुत हेच असणार, कारण सोडून दिली जातात ती मुख्यतः संकरित. ज्याचे अनुदान निघाले ते जनावर लोक घरी ठेवतात, ज्याचे निघाले नाही ते आमच्या फाटकाला बांधून जातात. शिवाय अनुदानासाठी नोंदणी लागते, हिशेबनीस लागतो, जमिनीचे कागद लागतात, आणि रक्कम मिळाली तरी ती मागाहून मिळते. जनावर मात्र मागाहून खात नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशभर पन्नास लाखांवर मोकाट जनावरे मोजली गेली. हा आकडा मोठा वाटतो, पण ती सगळी कोणाच्या तरी दावणीवरूनच सुटली आहेत. सरकारी मोहिमेत जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे रात्रीतून बांधलेली जी जनावरे आली, त्यांतल्या तिघांचे कान फाटलेले होते आणि जखम ताजी होती. कोणी फाडले हे मी विचारत नाही. ती जखम किड्यांनी भरली होती, आणि साफ करायला पंधरा दिवस गेले, एवढेच सांगतो.

दान देणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहितो, मग कोणी रागावले तरी चालेल. शेडला देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. वैरणीला लावता येत नाही. म्हणून शेडला पैसे मिळतात, वैरणीला मिळत नाहीत. आपल्याकडे पाण्याची टाकी दोघांनी देऊ केली, पंखे एकाने. उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांचे पिंजर कोणी देऊ केले नाही. वाढदिवसाला लोक सहकुटुंब येतात, गाईला गूळ-चपाती भरवतात, फोटो काढतात. मुलांना जनावराची ओळख होते, ठीक आहे. पण सगळ्यात जास्त भय मला लग्नाच्या आणि सणाच्या दुसऱ्या दिवसाचे वाटते, कारण त्या दिवशी उरलेल्या भाताची भांडी येतात.

हे नीट समजून घ्या. गाय गवतावर जगणारे जनावर आहे. तिच्या कोठीपोटात गवत पचवणारे सूक्ष्म जंतू असतात. एकदम चार-पाच किलो भात, पाव किंवा पीठ पोटात गेले की ते आत आंबते, पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते, जनावर पातळ हगते, झिंगल्यासारखे चालते आणि दोन दिवसांत बसते ते उठत नाही. प्रेमाने घातलेल्या भाताने मेलेले जनावर मी पाहिले आहे. भात खाल्ल्याचे कळताच वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. आणि तो भात जर कॅरीबॅगमध्ये गाठ मारून दिलेला असेल, तर गाय पिशवीसकट गिळते. पिशवी पोटात राहते. वर्षानुवर्षे साठत जाते. गाय खाताना दिसते पण वाळत जाते. शस्त्रक्रिया करून अशा गाईच्या पोटातून वीस-तीस किलो प्लॅस्टिक काढल्याची उदाहरणे आहेत. पुट्टपर्तीच्या करुणा सोसायटीने हा प्रश्न २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. उरलेले अन्न आमच्याकडे आणू नका. भाजीचा पाला, उसाचे वाडे, मक्याची ताटे आणा.

आता आजाराकडे वळतो, कारण गर्दीचा आसरा म्हणजे आजाराचे माहेरघर. लम्पी २०१९ साली ओडिशात प्रथम दिसली आणि २०२२ साली आपल्या भागातही घरोघर रडारड झाली, ते कोणी विसरले नसेल. शेळ्यांच्या देवीची लस टोचून पुष्कळ जनावरे वाचली. अनोळखी जनावर आले की ते तीन आठवडे वेगळे बांधायचे, त्याचे पाणी-वैरण वेगळे, त्याच्याकडे जाणारा माणूस शेवटी जाणार, हा नियम. पण वेगळे बांधायला वेगळी जागा लागते. गोठा गच्च भरला की नियम भिंतीवर राहतो आणि जनावर जनावराला चिकटून उभे राहते. लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी वेळच्या वेळी टोचल्याच पाहिजेत. सोडून दिलेल्या जनावराला शेवटची लस केव्हा टोचली होती हे सांगायला कोणी नसते, म्हणून सगळे पहिल्यापासून.

गाभण गाय सोडली आणि तिने आमच्याकडे गाभ टाकला, असे झाले आहे. असा गर्भपात सांसर्गिक असू शकतो. तो रोग माणसालाही होतो. ताप येतो-जातो, घाम फुटतो, सांधे धरतात, महिनोन्‌महिने निदान होत नाही. तेव्हा टाकलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, हातमोजे घालावेत, चुना टाकून खोल पुरावे, कुत्र्यांच्या तोंडी पडू देऊ नये. घरातल्या गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नये. दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस एकदाच देतात. ज्यांच्या घरी कालवडी आहेत त्यांनी दवाखान्यात विचारावे.

मेलेल्या जनावराचा खर्च तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. पूर्वी ओढून नेणारे होते, आणि गिधाडे होती. गिधाडे १९९० नंतर झपाट्याने संपली, कारण जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली. आता खड्डा खणायला यंत्र बोलवावे लागते, पावसात ते माळावर येत नाही, आणि एका खड्ड्याला जे भाडे पडते त्यात जिवंत जनावराची महिनाभराची वैरण आली असती. चांगले धडधाकट जनावर अचानक मेले आणि नाका-गुदातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर त्याला फाशी म्हणजे काळपुळीचा संशय धरावा. ते फाडू नये, कातडे काढू नये, हात लावू नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

कुत्र्यांचे मी थोडक्यात लिहितो. पोत्यातली पिल्ले फाटकाशी ठेवणे बंद करा. ज्या गोठ्यात गाभण गाई आणि आजारी वासरे आहेत तिथे कुत्र्यांची वस्ती करता येत नाही. गावातील कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच जागी सोडणे, हे २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचे काम आहे. पंचायतीत अर्ज द्या, आमची सही लागली तर मी करतो. कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद, तंबाखू, मिरची भरू नये. आणि लाळ गाळणाऱ्या, हंबरत राहणाऱ्या गाईच्या घशात काही अडकले असेल म्हणून हात घालायची आपल्याला सवय आहे, ती मोडा. ती गाय पिसाळलेली असू शकते.

एवढा पसारा पाहून कोणी म्हणेल, मग बंदच करा हा आसरा. समितीत तेही मत निघाले. मला ते मान्य नाही. जानेवारीत संत अँथनी मठाधिपतीच्या सणाला आपण जनावरे चर्चच्या अंगणात आणतो, शिंगांना झेंडूच्या माळा असतात, मी पवित्र पाणी शिंपडतो. बेंदराला शेजारच्या हिंदू घरांत बैलाला पुरणपोळी मिळते. ज्या जनावराच्या नांगरावर आपली घरे उभी राहिली त्याला अखेरीस रस्त्यावर डांबर चाटत सोडायचे, हे दोन्ही घरांना शोभणारे नाही. बायबलमध्ये मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये अशी आज्ञा आहे. मळणी संपल्यावरची गोष्ट तिथे लिहिलेली नाही, ती आपल्याला ओळखून घ्यायची आहे. ख्रिस्ती माणसाने गाईंचा गोठा चालवावा याचे काहींना हसू येते, काहींना संशय येतो. दोन्हींची मला सवय झाली आहे.

पण तो चालायचा तर दयेच्या लहरीवर चालणार नाही. मुंबईचे पांजरपोळ पाहा. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्यावरून दंगा झाला, आणि १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढले. पावणेदोनशे वर्षांच्या वर झाली, ते अजून चालू आहे. गुजरातेतली जुनी पांजरपोळे व्यापाऱ्यांच्या महाजनांनी चालवली ती मालावर स्वतःहून बसवलेल्या ‘लाग्या’वर. इतक्या मालामागे इतके पांजरपोळाला, असा ठराव. ज्याला वाटेल तो, वाटेल तेव्हा, वाटेल तितके देईल, असे नव्हते. आपण व्यापारी नाही, पण आपल्याकडे पिंजर आहे. मशीनने कापणी केली की ते शेतातच विखरून पडते, पुष्कळ जण जाळून टाकतात. भाताच्या एकरामागे दहा पेंढ्या आसऱ्याला, इतकेच मी मागतो आहे. दीडशे घरांचे धर्मग्राम आहे. सगळ्यांनी दिले तर उन्हाळा निघतो.

पिंजर निकस असते, त्यात प्रथिने फार थोडी, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपाय आहे, आणि तो तुमच्या घरच्या जनावरांनाही उपयोगी पडेल. शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडावा, दाबून रचावे, वरून प्लॅस्टिकने हवाबंद झाकावे आणि एकवीस दिवस उघडू नये. उघडल्यावर लागेल तेवढेच काढून, वास उडेपर्यंत पसरून, मग घालावे. सुरुवातीला थोडे, आठवडाभरात वाढवत जावे. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नये. युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, ते विष आहे.

आणि नकोसे जनावर मुळात जन्मालाच कमी यावे, याचाही विचार करा. लिंगनिश्चित केलेले रेत आता मिळते, त्यातून दहांत नऊ कालवडी होतात. कांडी महाग पडते आणि गाभ राहण्याचे प्रमाण थोडे कमी, म्हणून ते पहिलारू कालवडीला किंवा चांगल्या माजावरच्या निरोगी गाईलाच वापरावे. पण एका नको असलेल्या खोंडाचा दहा वर्षांचा खर्च वर लिहिला आहे. तो आपल्याच पैकी कोणीतरी भरतो. डॉक्टर येतील तेव्हा त्यांना विचारा, गावाने मिळून मागणी केली तर कांड्या आणतात.

आता नवा नियम. जनावर आणायचे तर दिवसा आणा, घरच्या माणसाने आणा. टेम्पोतून आणणार असाल तर पशुवैद्यांकडून प्रवासाचा दाखला आधी घ्या आणि आमच्याकडून ‘अमुक जनावर आसऱ्यात घेतो’ असे पत्र सोबत ठेवा, म्हणजे वाटेत कोणी अडवले तर दाखवता येईल. कानातला बिल्ला असू द्या. जनावरासोबत सहा महिन्यांची वैरण, म्हणजे अकरा क्विंटल पिंजर किंवा त्याच्या किमतीचे पैसे. ज्याला हे खरोखर झेपत नाही, विधवा आहे, घरात आजारपण आहे, त्याने मला येऊन भेटावे. त्याच्या वाटची वैरण समिती उभी करील, आणि ते नाव मी कोणाला सांगणार नाही. ज्याला झेपते आणि जो तरीही रात्री बांधून जाईल, त्याच्या दारी मी स्वतः ते जनावर घेऊन येईन.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी मिस्सानंतर चर्चचा ट्रॅक्टर वाड्यावाड्यांतून पिंजर गोळा करायला निघेल. पेंढ्या रस्त्याच्या कडेला आणून ठेवाव्यात, नीट वाळलेल्या असाव्यात. भिजून बुरशी धरलेले पिंजर ट्रॅक्टरवर चढवले जाणार नाही.